बायनरी डेटा फाइल सुरक्षित कशी बंद करावी: सी, पायथन, फोरट्रान आणि एचडीएफ-५ साठी

६०० ओळी आणि ४०० स्तंभांचा तक्ता आहे, प्रत्येक आकडा ८ बाइटचा. फाइल १९,२०,००० बाइटची व्हायला हवी. प्रोग्रामने एकेक करत सगळे आकडे लिहिले, आणि फाइल बंद करायच्या आधीच्या ओळीवर तो कोसळला. डिस्कवर बघावं तर फाइल १९,१६,९२८ बाइटची. ३,०७२ बाइट गायब, म्हणजे शेवटच्या ओळीतले पहिले १६ आकडे आले आणि पुढचे ३८४ आलेच नाहीत.

आता १९,१६,९२८ ला ४,०९६ ने भागा. भागाकार ४६८, बाकी शून्य. लिहिलेला डेटा आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, जमतो आणि बफर भरला की पुढे सरकतो. शेवटचा अर्धवट भरलेला बफर मात्र फाइल बंद करतानाच रिकामा होतो. म्हणून फाइल अपेक्षेपेक्षा लहान असेल आणि तिचा आकार ४,०९६ च्या पटीत असेल, तर पहिला संशय न बंद झालेल्या फाइलवर घ्यावा. (बफर किती मोठा हे भाषेवर आणि आवृत्तीवर ठरतं. ४,०९६ आणि ८,१९२ हे नेहमी दिसणारे आकडे, पण पायथनच्या नव्या आवृत्त्यांत तो बराच मोठा आहे, म्हणजे नुकसानही तेवढंच मोठं.)

यातला खरा धोका वाचताना उघडा पडतो, किंवा पडतच नाही. सी मध्ये एफरीड या वाचणाऱ्या फंक्शनने परत दिलेला आकडा कुणी तपासला नाही, तर ॲरेच्या शेपटीत आधीपासून असलेले शून्य किंवा कचरा तसाच राहतो आणि सरासरी बिनबोभाट चुकते. मजकुराची फाइल तुटली तर डोळ्यांना दिसतं. बायनरी फाइल तुटली तर आलेखात दिसतं, तेही नशीब असेल तर.

बंद करताना आत काय होतं

डेटा डिस्कवर जाईपर्यंत तीन ठिकाणी थांबतो. पहिला थांबा प्रोग्रामच्या स्वतःच्या बफरचा. दुसरा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशचा. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये तिथला बदललेला डेटा साधारण ३० सेकंद जुना झाला की डिस्ककडे पाठवला जातो. तिसरा खुद्द डिस्कच्या आतल्या कॅशचा.

फाइल बंद केली की फक्त पहिला थांबा रिकामा होतो. प्रोग्राम कोसळण्याची भीती असेल तर एवढं पुरतं, कारण सिस्टिमच्या कॅशमध्ये गेलेला डेटा प्रोग्राम मेल्यानंतरही शाबूत राहतो. वीज जाण्याची किंवा मशीनच अडकण्याची भीती असेल तर एफसिंक (सिस्टिमच्या कॅशमधला डेटा डिस्ककडे पाठवून घेणारं फंक्शन) लागतं. या दोन वेगळ्या भीती आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. कुठल्या भीतीसाठी कोड लिहितो आहोत हे आधी ठरवावं. दर ओळीनंतर एफसिंक करणारा प्रोग्राम गोगलगायीसारखा चालतो आणि तरीही शेवटचं क्लोज विसरला तर तुटकी फाइल देऊ शकतो.

याशिवाय फॉरमॅटचा स्वतःचा हिशेब असतो, आणि तो बहुतेक वेळा शेवटीच लिहिला जातो. नमपाय या पायथनच्या ॲरे-लायब्ररीच्या एनपीझेड फाइली मुळात झिप असतात. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या अगदी शेवटी असते, त्यामुळे न बंद झालेली एनपीझेड उघडतच नाही. जीझिप शेवटी ८ बाइट जोडतं, ४ चेकसमचे आणि ४ मूळ आकाराचे. खगोलशास्त्रातली फिट्स फाइल २,८८० बाइटच्या ठोकळ्यांत चालते आणि शेवटचा ठोकळा भरून काढावा लागतो. तेव्हा फाइल बंद करणं म्हणजे शेवटचं लिखाण समजावं, आणि लिखाण फसू शकतं.

सी मधला मूळ क्रम

बाकीच्या भाषांतही क्रम मुळात हाच असतो, म्हणून तो पक्का हवा.

१. प्रत्येक एफराइटने (लिहिणारं फंक्शन) परत दिलेली संख्या मागितलेल्या संख्येशी ताडून बघा. पण ती जुळली म्हणून डेटा लिहिला गेला असं मानू नका; तो फक्त बफरमध्ये गेलाय.

२. सगळं लिहून झालं की एफफ्लश करा, म्हणजे बफर रिकामा करा. शून्य आलं नाही तर थांबा आणि एररचं कारण लगेच साठवून ठेवा, कारण पुढचं कुठलंही फंक्शन एररनो (एररचा नोंदवलेला क्रमांक) बदलू शकतं.

३. निकाल पुन्हा मिळवणं महाग असेल तर फाइलनोने डिस्क्रिप्टर (सिस्टिमने उघड्या फाइलला दिलेला क्रमांक) काढून त्यावर एफसिंक करा. एफफ्लशच्या आधी एफसिंक केलं तर बफरमधला डेटा सिस्टिमपर्यंत पोचलेलाच नसतो. हा क्रम उलटा लागलेला कोड बऱ्याच ठिकाणी सापडतो आणि चालतोही, वीज जाईपर्यंत.

४. एफक्लोज करा आणि त्याचं उत्तर तपासा. शून्य म्हणजे ठीक. त्यानंतर पॉइंटरला नल द्या. एकाच पॉइंटरवर दोनदा एफक्लोज केल्यास काय होईल याची सी चं स्टँडर्ड कसलीही हमी देत नाही; बऱ्याचदा मेमरी बिघडते आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी होतो.

५. यानंतरच फाइलला तिचं खरं नाव द्या. त्याबद्दल पुढे.

डिस्क भरलेली असणं हे एफक्लोज फसण्याचं सरळ कारण. नेटवर्कवरच्या एनएफएस डिस्कवर गोष्ट जास्त नाजूक होते: तिथे लिहिलेला डेटा क्लायंटकडे साठून राहतो आणि बंद करताना सर्व्हरकडे ढकलला जातो, त्यामुळे कोटा संपल्याची एरर अनेकदा क्लोजपर्यंत कळतच नाही. सगळी लिखाणं यशस्वी आणि शेवटचं क्लोज अयशस्वी, हे तिथे अगदी शक्य आहे.

क्लोज फसलं तर ते पुन्हा करू नका. लिनक्समध्ये एरर आली तरी डिस्क्रिप्टर मोकळा झालेला असतो. एकापेक्षा जास्त थ्रेड असतील तर तोच क्रमांक तोवर दुसऱ्या थ्रेडच्या फाइलला मिळालेला असू शकतो आणि तुमचं दुसरं क्लोज त्याची फाइल बंद करून टाकतं. असला बग शोधण्यात आठवडे जातात.

एफसिंक फसलं तरी तेच. लिनक्समध्ये एकदा एरर सांगून झाली की कॅशमधली न लिहिलेली पानं (डेटाचे ठोकळे) स्वच्छ म्हणून नोंदवली जाऊ शकतात. मग दुसरं एफसिंक खुशाल यश कळवतं. २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस बनवणाऱ्यांसमोर हाच प्रश्न आला, आणि नंतर त्यांनी एफसिंक फसलं की डेटाबेस थांबवून लॉगमधून पुन्हा उभा करायचा मार्ग घेतला. आपल्या प्रोग्रामसाठी अर्थ एवढाच: डेटा मेमरीत असेतोवर नवी फाइल उघडून पहिल्यापासून लिहा.

मॅकवर एफसिंक डेटा डिस्ककडे सोपवतं, पण डिस्कची आतली कॅश रिकामी करून घेत नाही. तिथे एफकंट्रोलमधला फुल-एफसिंक हा पर्याय वापरावा लागतो.

सी प्लस प्लसमध्ये ओएफस्ट्रीम व्याप्तीबाहेर गेला की आपोआप बंद होतो, हे सोयीचं आहे आणि घातकही. डिस्ट्रक्टर एरर गिळून टाकतो. म्हणून क्लोज स्वतः बोलवा आणि लगेच फेल तपासा. डिस्ट्रक्टर फक्त अपघातासाठी राखीव ठेवा.

तात्पुरतं नाव, मग खरं नाव

अर्धवट फाइल पूर्ण फाइलीच्या नावाने कधीच दिसू नये, हा नियम पाळला की निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. लिहिताना नावाच्या शेवटी काहीतरी खूण ठेवा, उदाहरणार्थ 'डॉट पार्ट'. फ्लश, एफसिंक आणि क्लोज तिन्ही यशस्वी झाल्यावर रीनेम करा; पायथनमध्ये ओएस मॉड्यूलमधलं रिप्लेस वापरा. लिनक्स आणि मॅकवर हे बदलणं अखंड असतं: वाचणाऱ्याला एकतर जुनी फाइल दिसते किंवा पूर्ण नवी, मधलं काही नाही.

तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवा. टेंप फोल्डर बहुधा वेगळ्या फाइल सिस्टिमवर असतो; तिथून रीनेम सरळ नाकारलं जातं, आणि एमव्ही कमांड वापरली तर ती गुपचूप कॉपी करते, म्हणजे अखंडपणा गेलाच. वीज जाण्यापासूनही नाव वाचवायचं असेल तर रीनेमनंतर फोल्डर उघडून त्याच्यावरही एफसिंक करावं लागतं, कारण नाव हा फोल्डरचा डेटा आहे. विंडोजवर उघडी फाइल रीनेम करायला गेलं तर सहसा एररच येते. त्रासदायक वाटतं खरं, पण क्लोज विसरलेला कोड त्यामुळे लगेच पकडला जातो.

पायथन आणि नमपाय

फाइल उघडताना विथ वापरा, म्हणजे त्याचा गठ्ठा संपला की फाइल आपोआप बंद होते, हे सगळेच सांगतात. कमी सांगितलं जातं ते असं की क्लोजची एरर विथच्या गठ्ठ्यातून बाहेर पडताना येते. म्हणून 'काम झालं' हा संदेश, रीनेम, किंवा लॉगमधली यशाची नोंद विथच्या बाहेर, त्याच्यानंतर लिहायची.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लिनक्समध्ये डेव्ह फोल्डरात फुल नावाची एक खास फाइल आहे. तिच्यात काहीही लिहिलं तरी डिस्क भरल्याची एरर मिळते. ती विथने बायनरी लिखाणासाठी उघडा, १०० बाइट लिहा आणि विथच्या आतच 'झालं' असं छापा. पडद्यावर आधी 'झालं' येतं आणि त्याखाली २८ क्रमांकाची एरर, डिव्हाइसवर जागा नाही म्हणून. १०० बाइट बफरमध्ये मावले, त्यामुळे राइटला काही कळलंच नाही. आपल्या प्रत्येक लेखन-फंक्शनला ही फाइल देऊन बघावी. जे फंक्शन यश कळवेल ते दुरुस्त करायचं.

विथशिवाय उघडलेली फाइल सीपायथनमध्ये, म्हणजे नेहमीच्या पायथनमध्ये, शेवटचा संदर्भ गेला की बंद होते. पायपाय या दुसऱ्या पायथनमध्ये ती केव्हा बंद होईल सांगता येत नाही. पायथन 'डेव्ह' मोडमध्ये, म्हणजे मोठ्या अक्षरातल्या एक्स पर्यायासोबत डेव्ह देऊन चालवला, की न बंद केलेल्या फाइलींचा इशारा ओळ क्रमांकासह मिळतो.

नमपायच्या मेममॅपला (डिस्कवरची फाइल ॲरेसारखी वापरू देणारा प्रकार) क्लोज नावाची पद्धतच नाही. फ्लश करायचं आणि मग व्हेरिएबल डिलीट करायचं. पण त्या ॲरेचा एखादा तुकडा दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये राहिला असेल तर मॅपिंग जिवंतच राहतं. विंडोजवर फाइल डिलीट होत नाही याचं कारण बहुतेकदा हेच. आणखी एक खोच: नवी मेममॅप फाइल पूर्ण आकाराची दिसते, पण डिस्कवर जागा अजून घेतलेली नसते. मध्येच डिस्क भरली तर पायथनची एरर न येता 'बस एरर' म्हणत प्रोग्राम तिथेच मरतो, आणि फाइलचा आकार मात्र बरोबर दिसतो. मेममॅपसाठी आकार तपासणं म्हणूनच निरुपयोगी आहे. शेवटचे आकडे वाचूनच बघावं लागतं.

एनपीझेड वाचताना लोड फक्त दार उघडतं. प्रत्येक ॲरे मागितल्यावर वाचला जातो. शेकडो फाइली लूपमध्ये अशा उघडून ठेवल्या तर 'फार जास्त फाइली उघड्या आहेत' ही एरर येते. लिनक्सवर एका प्रोसेसची मर्यादा बहुधा १,०२४ असते. यूलिमिट कमांडने ती वाढवता येते, पण ते दुखणं बरं करणं नव्हे, लक्षण झाकणं झालं.

एचडीएफ-५: बंद केली, पण झाली का?

एचडीएफ-५ हा एकाच फाइलमध्ये अनेक डेटासेट ठेवणारा फॉरमॅट. सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. त्याच्या सी लायब्ररीतलं स्वतःचं एचफाइव्ह-एफक्लोज बोलावलं, यश आलं, तरी फाइल उघडीच असू शकते. आत एखादा डेटासेट, ग्रुप, ॲट्रिब्यूट किंवा नाव दिलेला डेटाटाइप उघडा असेल, तर मूळ सेटिंगनुसार फाइल तो बंद होईपर्यंत रेंगाळते. याला 'वीक' पातळी म्हणतात. 'सेमी' पातळीत अशा वेळी क्लोज एरर देतं. 'स्ट्राँग' पातळीत आतलं सगळं लायब्ररी स्वतः बंद करते.

कोड लिहीत असताना फाइल-ॲक्सेस प्रॉपर्टी लिस्टमधून पातळी 'सेमी' ठेवावी, हा आमचा आग्रह. राहिलेलं हँडल तिथल्या तिथे कळतं. 'स्ट्राँग' सोयीचं असलं तरी चूक झाकतं. जुन्या कोडमध्ये पातळी बदलणं शक्य नसेल तर क्लोजच्या आधी गेट-ऑब्ज-काउंटने उघड्या गोष्टी मोजा. सगळे प्रकार मागितले की उत्तर १ यायला हवं, ती एक म्हणजे फाइल स्वतः. २ किंवा जास्त आलं तर उघडल्याच्या उलट क्रमाने बंद करत या: आधी ॲट्रिब्यूट, मग डेटासेट, मग ग्रुप, शेवटी फाइल. डेटास्पेस विसरला तर मेमरी गळते, पण फाइल अडकत नाही.

पायथनची एचफाइव्हपाय लायब्ररी 'स्ट्राँग' वापरते, त्यामुळे तिथे अडचण उलटी. फाइलमधून डेटासेटचं नाव घेऊन व्हेरिएबलमध्ये ठेवलं म्हणजे आकडे मेमरीत आले नाहीत. विथच्या बाहेर पडल्यावर ते व्हेरिएबल बंद डेटासेट होऊन बसतं. आकडे हवे असतील तर चौकटी कंसात रिकामा गोल कंस किंवा कोलन देऊन आतच वाचून घ्या.

लांब चालणाऱ्या सिम्युलेशनमध्ये ठराविक टप्प्यांनंतर फ्लश करा. प्रोग्राम लिहिता लिहिता मेला तर पुढच्या वेळी दोनपैकी एक तक्रार येते. 'ट्रंकेटेड फाइल' असेल तर संदेशात खरा शेवट आणि नोंदवलेला शेवट असे दोन आकडे असतात. त्यांतला फरक बघितला की किती बाइट कमी पडले ते कळतं. दुसरी तक्रार, फाइल आधीच लिहिण्यासाठी उघडी आहे, ही १.१० आवृत्तीपासूनच्या नव्या फॉरमॅटमधल्या खुणेमुळे येते. एचफाइव्हक्लिअर या साधनाने ती खूण पुसता येते. पण आधी खात्री करा की खरंच कुणी लिहीत नाहीये, आणि फाइलची प्रत काढून प्रतीवर चालवा. ते फक्त खूण पुसतं, डेटा परत आणत नाही.

लॉक मिळत नाही अशी एरर आली की लॉकिंग बंद करणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावायचा सल्ला लगेच मिळतो. फाइल सिस्टिमच लॉकिंग देत नसेल आणि तुम्ही फक्त वाचत असाल तर ठीक. एरवी ती एरर खरं सांगत असते: कुठेतरी फाइल उघडी राहिली आहे, बऱ्याचदा विसरलेल्या नोटबुकच्या कर्नलमध्ये.

नेटसीडीएफ-४ हा डेटा फॉरमॅट आतून एचडीएफ-५ च आहे, तेव्हा वरचं बरंचसं लागू. जुन्या क्लासिक फॉरमॅटमध्ये रेकॉर्डची संख्या हेडरमध्ये असते आणि ती सिंक किंवा क्लोजच्या वेळी ताजी होते. त्यामुळे आकार मोठा दिसतो, पण वाचणाऱ्या प्रोग्रामला टप्पे कमी सापडतात. पायथनची एक्सॲरे लायब्ररी वापरत असाल तर जी फाइल उघडली आहे तिच्याच नावाने परत लिहू नका. आधी लोड, मग क्लोज, मग लिखाण.

फोरट्रान

क्लोजमध्ये आयओस्टॅट आणि आयओमेसेज दोन्ही द्या. युनिट क्रमांक हाताने निवडण्यापेक्षा न्यूयुनिट वापरा. दोन सबरूटीननी एकच १० नंबर पकडला की दुसरी उघडताना पहिली आपोआप बंद होते आणि पहिलीचं लिखाण दुसऱ्या फाइलमध्ये पडू लागतं.

अनफॉर्मॅटेड सिक्वेन्शियल फाइलमध्ये बहुतेक कंपायलर प्रत्येक रेकॉर्डच्या आधी आणि नंतर ४ बाइटांत लांबी लिहितात. तुटलेली फाइल तपासायला हे वरदान आहे: पुढची आणि मागची लांबी जुळत जाईल तिथवर रेकॉर्ड शाबूत, पहिली विसंगती आली की तिथून पुढचं टाकून द्यायचं. स्ट्रीम ॲक्सेसमध्ये या खुणा नसतात, मग आकारावरूनच हिशेब.

क्लस्टरवर जॉब मारला जातो तेव्हा

क्लस्टरवर जॉब चालवणारी स्लर्म प्रणाली वेळ संपल्यावर आधी सिगटर्म (थांबण्याचा इशारा) पाठवते आणि मूळ सेटिंगनुसार ३० सेकंदांनी सिगकिल (सक्तीने मारणं). सिगकिलपुढे कुणाचं काही चालत नाही. सिगटर्म आला की पायथन स्वतःहून फायनली किंवा विथची साफसफाई करत नाही, सरळ मरतो. हँडलर लावावा लागतो. हँडलरच्या आत मात्र फाइल बंद करू नका. सी मध्ये एफक्लोज सिग्नल हँडलरमधून बोलावणं सुरक्षित नाही, कारण सिग्नल एफराइटच्या मधोमध आलेला असू शकतो. हँडलरने फक्त एक झेंडा उभारावा. मुख्य लूपने प्रत्येक टप्प्याच्या शेवटी तो बघावा आणि शांतपणे फाइल बंद करावी. एक टप्पा ३० सेकंदांपेक्षा लांब असेल तर जॉब पाठवणाऱ्या एसबॅच कमांडच्या सिग्नल पर्यायाने, समजा, १२० सेकंद आधी इशारा मागून घ्या.

एमपीआयमध्ये (अनेक प्रोसेस मिळून काम करतात ती पद्धत) समांतर उघडलेली फाइल सगळ्या रँकनी, म्हणजे प्रोसेसनी, मिळून बंद करायची असते, आणि फायनलाइझच्या आधी. एका रँकने एररमुळे क्लोज टाळलं तर बाकीचे तिथेच वाट बघत अडकू शकतात.

बंद झाल्यावर तपासणी

फाइल नव्याने उघडा. आकार गणिताशी जुळतो का, शेवटचा रेकॉर्ड वाचता येतो का, त्यातला शेवटचा आकडा मेमरीतल्या आकड्याशी जुळतो का, एवढं पुरे. एचडीएफसाठी एचफाइव्हडंप आणि नेटसीडीएफसाठी एनसीडंप, दोन्ही फक्त हेडर दाखवण्याच्या पर्यायासह, काही क्षणांत उत्तर देतात. जीझिप आणि अनझिपचा टी पर्याय पूर्ण फाइल तपासतो. तपासणी लगेच केली तर डेटा कॅशमधून वाचला जातो, डिस्कवरून नाही, हे लक्षात असू द्या. ती लेखनातल्या चुका पकडते, डिस्कच्या नव्हे.

चालू प्रोग्रामच्या कुठल्या फाइली उघड्या आहेत हे एलएसओएफ कमांडला प्रोसेस क्रमांक देऊन दिसतं. लिनक्सवर प्रॉक फोल्डरात त्या क्रमांकाखाली एफडी नावाचं फोल्डर असतं, तिथेही दिसतं. चुकून डिलीट केलेली फाइल अजून उघडी असेल तर तिथूनच तिची प्रत काढता येते. प्रोसेस मात्र मारू नका. आणि सी चा प्रोग्राम क्लोजपर्यंत न पोचता कुठेतरी अडकून बसला असेल, तर जीडीबी हा डीबगर जोडून त्याच्यातच एफफ्लश शून्य बोलवा: सगळ्या उघड्या स्ट्रीम्सचे बफर रिकामे होतात आणि मग प्रोसेस मारली तरी चालते. ही युक्ती सी च्या बफरपुरतीच. पायथन, सी प्लस प्लसचे स्ट्रीम, जीफोरट्रान आणि एचडीएफ यांचे बफर वेगळे असतात, त्यांना ती पोचत नाही.